तोंडाला लागणारं भांडं

वहिनी, मी दादाला खोटं सांगितलं. रजा मिळाली नाही म्हणालो. रजा मिळाली होती. मुकादम उलट म्हणाला, "जा बाबा, घरचं माणूस गेलंय, थांबू नको." मी पिशवी भरून जालन्याच्या स्टँडवर गेलो. कल्याणकडे जाणारी एक गाडी डोळ्यांसमोर सुटू दिली. मग दुसरी. मग पिशवी उचलून खोलीवर परत आलो. तुला पोचवायला गाव होतं, दादा होता, तुझी सुमन होती. मी नव्हतो. दहाव्यालाही नव्हतो, तेराव्यालाही नव्हतो.

दादाचा फोन आला तेव्हा तो जास्त काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पोरगी ऐकंना. तेरावं झालं नि दुसऱ्या बाजाराला शेगडी घेऊन धसईला जाऊन बसली. आईची गिऱ्हाइकं खोळंबतील बोलते." त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी उलट घाबरलो. तेव्हापासून मी इथे लोखंडाच्या भट्टीच्या आवारात भंगारात हात घालून उभा असतो आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत असते. सुमन कुठल्या खोक्यातलं कथील घेतेय?

तुला हे वाचता येणार नाही हे मला कळतं. तू होतीस तेव्हाही मीच तुला वाचून दाखवायचो, अडखळत अडखळत, आणि तू म्हणायचीस, "सातवी शिकलाव म्हंजे लय झालं, माझ्यापेक्षा सात जास्तच." पण सुमनला सांगायच्या आधी मला तुला सांगायचंय. तिच्याशी बोलताना जीभ आत जाईल. तुझ्याशी बोलताना कधी गेली नाही. एकाच गोष्टीला गेली.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. चड्डीची एक गुंडी तुटलेली, नाक वाहतंय, आणि तू मला सगळ्यांदेखत "भावजी, पाणी देता का?" म्हणालीस. सगळा मांडव हसला. मला एवढं मोठं कुणी केलं नव्हतं. मी पळत जाऊन पाणी आणलं, अर्धं सांडलं. तुझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पत्रा कापायची कातर होती. ट्रंकही तुझ्या वडिलांनी तेलाचे डबे उलगडून केलेली. बाहेरून निळा रंग, आतून झाकण उघडलं की तुपाच्या डब्यावरची पिवळी-हिरवी चित्रं. मी ती चित्रं बघायला तुझ्या खोलीत यायचो.

तुझे वडील तरुणपणी कल्याणला एका कारखान्यात पत्र्याचं काम शिकले आणि शहापूरला परत येऊन बाजारात बसले. त्यांना मुलगा नव्हता, त्यांनी तुला शिकवलं. आमच्याकडे भातशेती. आई पहिल्या वर्षी म्हणायची, "सून बाजारात बसून हातोडी आपटणार? लोक काय बोलतील?" लोक काय बोलले ते तुला ठाऊकच आहे. लोक म्हणाले, "आमचापण डबा करून दे." आईनेच पुढे तुझ्याकडून चुलीपुढे ठेवायचं राखेचं सूप करून घेतलं, आणि सगळ्या आळीला दाखवत फिरली.

मी वीटभट्टीवरून आजारी होऊन परत आलो तेव्हा वीस-एकवीसचा असेन. नव्वद-एक्क्याण्णव साल. ओटीवर पडून असायचो. शाळा सोडलेली, शेतात मन नाही, भट्टीवर जायची ताकद नाही. दादा बोलायचा नाही, पण समोरून जाताना पाय आपटायचा. तू एक दिवस पत्रा ठोकायची मोगरी माझ्या हातात दिलीस. "उठा. पत्रा पडून राह्यला की गंजतो. तुमाला कल्हई कोण करील मग?" मी उठलो. त्यासाठी मी तुला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणतो. त्या दिवशी तू मला उठवलं नसतंस तर मी कुठे असतो, हा विचार मी आजपर्यंत पूर्ण केलेला नाही.

धसईच्या बाजारात एसटी थांबते त्याच्या अलीकडे, चिंचेखाली आपली जागा. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून, डोळखांबकडच्या पाड्यांवरून बाया डोक्यावर रिकामे डबे घेऊन यायच्या. तेलाचा चौकोनी डबा आला की त्याचं वरचं तोंड काढून, काठ आत दुमडून, मध्ये लाकडी दांडा ठोकून पाण्याचा डबा. तुपाच्या गोल डब्याचं दुधाचं माप. पोरांच्या दुधाच्या भुकटीचा डबा आला की त्याची रॉकेलची चिमणी. रंगाच्या डब्याची शेगडी. बिस्किटांच्या मोठ्या डब्याला कडी-कोयंडा लावला की पोरीच्या दागिन्यांची पेटी. जे कशालाच नाही चालणार त्याला खिळ्याने भोकं पाडून चाळण. चाळणीलाही नाही चालणार ते छपराच्या गळक्या जागेवर ठिगळ. आणि खाली जे कातरण उरायचं ते पोत्यात भरून भंगारवाल्याला. तू काही म्हणजे काही टाकायची नाहीस. शहरात डबा रिकामा झाला की संपला. तुझ्याकडे तो रिकामा झाला की सुरू व्हायचा.

कापायच्या आधी तू डब्यात नाक घालायचीस. एक म्हातारी आलेली आठवते? लखलखीत डबा घासून आणलेला.

"गो शेवंते, याचा मला पाण्याचा करून दे."

तू वास घेतलास. "मावशे, यात काय होतं?"

"काय नाय गो. भाताचं औषध होतं. चार पाण्यानं धुतलाय मी."

"चार काय, चाळीस पाण्यानं धू. याचा पाण्याचा नाय व्हायचा. याला मी आत एक खुळखुळा बांधून देते, नाचणीत टांग. वाऱ्यानं वाजंल, डुकरं पळतील."

"नि डुकरांनी वास घेतला तर?"

"मग दुप्पट पळतील."

म्हातारी चिडली, मग हसली, मग तो खुळखुळा घेऊन गेली. मी म्हणालो, "वहिनी, कापला असता तरी कुणाला कळलं असतं?" तू मोगरी थांबवलीस. "मला कळलं असतं ना." तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या वडिलांचा नियम होता, तो तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलास. झाळायला, म्हणजे पत्र्याचे सांधे जोडायला, दोन खोकी. एका खोक्यात निव्वळ कथलाच्या कांड्या, दुसऱ्यात कथील आणि शिसं मिसळलेल्या. चिमणी, पेटी, चाळण, शेगडी यांना मिसळ चालते. पण जे भांडं माणसाच्या तोंडाला लागतं, पाण्याचं, दुधाचं, तेलाचं, त्याची झाळ निव्वळ कथलाची. दोन्ही खोकी एकमेकांना लागून ठेवायची नाहीत. मी विचारलं, "का?" तू म्हणालीस, "आबा बोलायचे म्हणून." आणि कथील खरं की खोटं हे डोळ्याने नाही, कानाने ओळखायचं. कांडी कानाशी धरून हळू वाकवली की निव्वळ कथील कुरकुरतं, कोवळा बांबू मोडावा तसं. शिसं असलं की ते मुकं होतं. तू कल्याणहून आलेली प्रत्येक कांडी कानाशी न्यायचीस. बाजारातल्या बाया म्हणायच्या, "शेवंती बघ, कांडीशी बोलते." तू म्हणायचीस, "घरात कोण ऐकतं माझं?"

आता ते सांगतो.

प्लास्टिक यायला लागलं. रंगीत कॅन, बादल्या, हलक्या, पडल्या तरी आवाज नाही. तेलही पिशव्यांतून यायला लागलं, म्हणजे रिकामा डबासुद्धा कमी झाला. त्यात निव्वळ कथील महाग झालं, कल्याणचा माणूस आणेनासा झाला. तू दुधाची मापं आणि पाण्याचे डबे घ्यायचं थांबवलंस. म्हणालीस, "कथील येईल तवा करू." बाया परत जायच्या. मी बघत होतो, तू त्यांच्या पाठीकडे बघत बसायचीस. मला वाटलं, हिच्यासाठी मी एकदा तरी काहीतरी करावं.

शहापूरला हायवेवर ट्रकची गॅरेजं. तिथे मागे जुन्या बॅटऱ्या पडलेल्या असायच्या. मी त्या फोडल्या, आतल्या जाळ्या लोखंडी कढईत वितळवल्या, शिसं निघालं. आपल्याकडे उरलेलं थोडं कथील त्यात घातलं, म्हणजे चकाकी येईल. लोखंडी अँगलच्या खाचेत ओतून कांड्या पाडल्या. अगदी तुझ्या कांड्यांसारख्या. आणि नेऊन ठेवल्या निव्वळ कथलाच्या खोक्यात. तू विचारलंस, "कुठून आणलं?" मी म्हणालो, "कल्याणच्या माणसाचा भाऊ भेटला." तू पहिल्यांदाच कांडी कानाशी नेली नाहीस. मी आणली होती ना. म्हणालीस, "जरा काळपट दिसतंय." मी म्हणालो, "जुना माल हाय." तू खूश झालीस. संध्याकाळी घरी माझ्या भाकरीवर लोणी घातलंस, दादाला नाही.

मला ते विष आहे हे माहीत नव्हतं, वहिनी. हे तुला पटायला हवं. मला वाटलं नियम म्हणजे नियम, आबांचा सोवळेपणा. मला वाटलं फार तर झाळ लवकर सुटेल. एवढीच माझी अक्कल.

तो सगळा हंगाम तू डोळखांबकडच्या पाड्यांसाठी डबे केलेस. कामाला बाहेर गेलेली माणसं परत येत होती, त्यांना पाण्याला काहीतरी हवंच होतं. दुधाची मापं केलीस. त्यांतलं एक एका बाईने तान्ह्या पोराला दूध पाजायलाच वापरलेलं मी पाहिलं. छान दिसत होतं.

मग एका बाजारी, शेवटच्या चार-पाच कांड्या उरल्या असतील, तू एक उचललीस आणि सहज, सवयीने, कानाशी धरून वाकवलीस. मी समोर होतो. तू ऐकत राहिलीस. दुसरी उचललीस, तीही वाकवलीस. मग माझ्याकडे बघितलंस. बाजारात एवढा गोंगाट होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग तू त्या कांड्या पदरात घेतल्यास आणि म्हणालीस, "बाजार लागलाय. नीट बसा." बस. त्यानंतर त्यावर एक शब्द नाही. ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

तुला कळलं होतं का? हे मी किती वर्षं स्वतःला विचारतोय. कधी वाटायचं, गोंगाटात तुला कुरकुर ऐकूच आली नसेल. कधी वाटायचं, सगळं कळलं होतं. कारण दोनच महिन्यांनी भंगारवाल्याचा ट्रक कातरण न्यायला आला आणि तू ड्रायव्हरला म्हणालीस, "यांना जालन्याला घेऊन जा, तिकडं भट्ट्यांवर माणसं लागतात ना?"

मी म्हणालो, "मी नाय जाणार."

"मग काय करणार हितं? डबे राह्यले नाय, प्लास्टिक आलं."

"तू काय करशील मग?"

"माझं होईल. मला बाजार सोडता येत नाय. तुमाला येतोय."

"मला हाकलतेस तू."

तू माझा सदरा घडी करत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तसं समजा." मी रागाने गेलो. ट्रकमध्ये तुझं कातरण आणि मी, दोघे एकाच गठ्ठ्यात. पुढे चार-पाच वर्षं मला वाटत राहिलं की तू माझ्या भल्यासाठी पाठवलंस, आणि तेवढंच वाटत राहिलं की तुला तुझ्या शेगडीजवळ खोटा माणूस नको होता. आता दोन्ही खरं असेल असं वाटतं. पण विचारायला तू नाहीस.

इथे मी भंगार निवडतो. तुला हसू येईल, मी दिवसभर डबे वेचून बाजूला काढतो. भट्टीला डबे आवडत नाहीत. डब्याच्या पत्र्यावर कथलाची जी पातळ साय असते ना, ती लोखंडात जास्त मिसळली तर सळी लाटताना तडकते. म्हणून डब्यांचे गठ्ठे वेगळे, थोडे थोडे घालायचे. इथल्या तपासणी खोलीत एक म्हातारे सर आहेत. त्यांनी मला डब्याची सगळी गोष्ट सांगितली. म्हणाले, हे डबे पहिल्यांदा निघाले लढाईवरच्या सैनिकांसाठी, मांस टिकावं म्हणून. आणि गंमत म्हणजे डबा निघाला, पण तो उघडायचं हत्यार कुणी काढलंच नाही. कितीतरी वर्षं लोक छिन्नी-हातोडीने फोडून खायचे. मी सरांना म्हणालो, "आमची वहिनी अजून तसंच उघडते." ते हसले. मी ठरवलं होतं की घरी आलो की तुला हे पहिलं सांगायचं, तू म्हणशील, "बघा, आमी मिल्ट्रीच्या बरोबरीचे." तुझं वाक्यसुद्धा माझ्याकडे तयार होतं. मी दोनदा आलो आणि दोनदा विसरलो.

याच सरांनी एक दिवस मला झापलं. गठ्ठ्यातून बॅटरीचा तुकडा निघाला आणि मी तो उघड्या हाताने उचलला. "शिसं आहे ते! हात धू. साबणाने. आणि त्या हाताने जेवू नकोस." मी विचारलं, काय होतं त्याने? ते सांगत राहिले. पोटात जातं, रक्तात जातं, हाडांत बसतं, निघत नाही. मोठ्यांना पोटदुखी, हातातली ताकद जाते. लहान पोरांची बुद्धी मंद होते, अंग वाढत नाही. "पाण्याच्या भांड्याला तर लावूच नये," ते म्हणाले, त्यांना काय माहीत कुणाला सांगतायत. मी नळावर जाऊन हात धुतले. धूत राहिलो.

पुढच्या शिमग्याला मी घरी आलो ते हेच सांगायला. चार दिवस होतो. रोज सकाळी ठरवायचो. तू चुलीपुढे बसलेली, मी बाहेर घुटमळणार. शेवटी एवढंच निघालं तोंडातून, "वहिनी, ते मी आणलेलं जुनं कथील संपलं का?"

तू तवा उतरवलास. "कवाच."

"सगळं?"

"बोलले ना, कवाच. भाकरी घ्या, गार होतेय."

मी भाकरी घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगतो. संपलं म्हणजे संपलं. मी भित्रा माणूस, मला तेवढा आधार पुरला. पण परत इथे आलो आणि रोज नवीन शंका. संपलं म्हणजे वापरून संपलं? ज्यांच्याकडे डबे गेले त्यांचं काय? आणि तुझं मनगट मी त्या वेळी बघितलं होतं. तवा उतरवताना दुसऱ्या हाताचा आधार घेतला होतास.

या पावसात तू आजारी पडलीस. मुरबाडच्या डॉक्टरने कावीळ सांगितली. दादा म्हणाला, यंदा चार घरांत कावीळ आहे, पाणी खराब. आठ दिवसांत तू गेलीस. कावीळच असेल. असेलच ना?

इथवर लिहून चार दिवस ठेवलं होतं. काल दुपारच्या सुट्टीत मी सुमनला फोन लावला. धसईचा बाजार होता, मागे माणसांचे आवाज, एसटीचा भोंगा. ती म्हणाली, "काका, बोला, गिऱ्हाईक हाय."

"सुमन, झाळायची दोन खोकी हायत ना, त्यांतल्या—"

"एकच हाय. कथलाचं. मिसळचं आईनं कवाच बंद केलं."

"ते तू कानाशी नेऊन—"

"काका, मला येतं ते. काय झालं? आवाज का असा?"

मग मी सांगितलं. बॅटऱ्या, कढई, कांड्या, कल्याणच्या माणसाचा भाऊ. सरांनी सांगितलेलं सगळं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं. तिच्या बाजूला कुणीतरी बाई विचारत होती, "गो बाय, ही चाळण देतंस का?" सुमन तिला म्हणाली, "थांब मावशे." मग मला म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"तुमी जालन्याला गेलाव ना, त्या साली उन्हाळ्यात आईनं मला धरून सगळे पाडे फिरवले. त्याच्या दुसऱ्या साली बी. दारोदार. तुझा डबा दे, हा नवा घे. तुझं माप दे, हे नवं घे. बाया बोलायच्या, गो शेवंते, चांगला डबा हाय, गळत नाय, कशाला नेतंस? बाबा तर वरडायचे, ही येडी झाली, फुकट वाटत सुटली. मी डोक्यावर जुने डबे घेऊन यायची. मला वाटायचं लोक हसतायत."

"आई काय सांगायची त्यांना?"

"बोलायची, माझा हात चुकला. झाळ कच्ची निघाली."

मी खाली बसलो. लोखंडाच्या ढिगावरच बसलो. विचारलं, "माझं नाव?"

"तुमचं नाव कदीच नाय घेतलं. मला पण नाय सांगितलं."

मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. आणलेल्या डब्यांचं काय करायचीस तू? सुमन म्हणाली, घरामागे बसून सगळी झाळ वितळवून काढायचीस, खरडायचीस, तोंडाला पदर बांधून. सुमनला जवळ येऊ द्यायची नाहीस. मग खड्डा करून ते पुरायचीस, विहिरीपासून लांब. दोन उन्हाळे.

फोन ठेवून मी सरांकडे गेलो. दुसऱ्याचं नाव करून विचारलं. ते म्हणाले, तेवढ्या आचेला धूर फार होत नाही, पण खरडताना धूळ उडते, आणि हात तोंडाकडे जातोच. मी विचारलं, माणूस त्याने जातो का? ते म्हणाले, "असं एका वाक्यात सांगता येत नाही." माझ्याकडे बघत राहिले. बहुतेक त्यांना कळलं की दुसरा कुणी नाही.

तर आता मला हे असंच घेऊन राहायचंय. कदाचित कावीळ. कदाचित मी. माझं शिसं लोकांच्या घरातून काढता काढता ते तू स्वतःत घेतलंस, हे खरं की खोटं ते कुणीच मला सांगणार नाही. तू रागावली असतीस तर मी सुटलो असतो, वहिनी. एकदा मोगरी फेकून मारायची होतीस. तू मला सांभाळलंस आणि आता त्याचं मी काय करू?

सुमनने फोन ठेवायच्या आधी आणखी एक सांगितलं. सगळे डबे परत आले नाहीत. डोळखांबकडच्या तीन घरांना तेव्हा कुलूप होतं, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. तू दर वर्षी म्हणायचीस, या साली जाऊ. माणसं पावसात घरी असतात, पण पावसात आपलीच भाताची आवणी, ओढ्याला पाणी, जमायचं नाही. पुढे तुला चालवेना.

"घरं मला ठाऊक हायत," सुमन म्हणाली. "आता आवणी चाललीय, सगळे घरी असतील. दिवाळीनंतर परत पांगतील. मी दाखवते तुमाला. नवे डबे मी करून ठेवते. पण दारात बोलायचं तुमी."

"मी बोलतो ना. हात चुकला, झाळ—"

"नाय." तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा झाला, राग नसलेला. "आईचा हात कदीच चुकला नाय, काका. तसं बोलणार असाल तर येऊच नका."

मी उद्या निघतोय. या वेळी पहिलीच गाडी पकडणार. आज दिवसभर मी काम करता करता ओठ हलवत होतो, शेजारचा पोरगा विचारत होता, काका, काय पुटपुटता? तीन दारं आहेत. प्रत्येक दारात कुणी बाई पदराला हात पुसत येईल, शेवंतीचा दीर म्हणून बस म्हणेल, पाणी देईल, कदाचित त्याच डब्यातलं. पोरं असतील, आता मोठी झालेली. मला त्यांच्याकडे बघता यायला हवं. घाबरलोय, तुला काय लपवायचं. सरांनी एक चिठ्ठी लिहून दिलीय, पोरांचं रक्त कुठे तपासायचं त्याची, ती खिशात आहे.

तू माझ्यासाठी पाड्यापाड्यावर खोटं बोललीस, वहिनी. आता त्या तीन दारांत मला तुला खोटं पाडायचंय. रागावू नकोस.